राजमान्य राजेश्री कलम 4 यांसी

मुक्काम शनिवार पेठ, पुणे

राजमान्य राजेश्री कलम 4, सनदी लेखापाल अधिनियम, सन 1949, यांसी एका हिशेबनिसाचे कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

आपण मला ओळखत नाही, आणि ओळखू नये अशीच आपली रचना आहे. मी मात्र आपणास पोटकलमांसह ओळखतो, कारण माझी सारी उमर आपल्या उंबरठ्याच्या अलीकडच्या बाजूस गेली. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या अध्यक्षांना लिहा, असे मला दोघाचौघांनी सुचविले. परंतु अध्यक्ष दर वर्षी बदलतात, त्यांना भाषणे असतात, राष्ट्रउभारणीतील भागीदारीची ग्वाही द्यावयाची असते, आणि नोंदवहीत कोणाचे नाव चढावे व कोणाचे चढू नये हे 1 जुलै 1949 पासून आपणच सांगत आला आहात. तेव्हा धन्याकडे अर्ज करण्यापेक्षा देवडीवर जो उभा आहे त्याच्याशीच दोन शब्द बोलावे, हे मला अधिक प्रशस्त वाटले.

निमित्त गेल्या सप्टेंबरातले. प्राप्तिकराच्या लेखापरीक्षणाचे अहवाल महिनाअखेरपर्यंत जावयाचे असल्याने मेहुणपुऱ्यानजीकच्या आमच्या कचेरीत, जिचे नाव मी येथे घेणार नाही, रात्रीचे दिवस चालले होते. मंडईकडचे एक जुने व्यापारी वह्या घेऊन आले आणि नेहमीच्या परिपाठाप्रमाणे थेट माझ्या मेजाशी येऊन बसले, कारण 1984 च्या वित्त अधिनियमाने 44 एबी कलम आणून 40 लाखांवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यास लेखापरीक्षण सक्तीचे केले तेव्हापासून त्यांच्या घराण्याचा ताळेबंद माझ्याच हातून उतरत आला आहे. त्यांनी विचारले, गोदामातल्या भिजलेल्या मालाची किंमत काय धरावी. मी सांगू लागलो. आणि काचेच्या दाराआडून आमचे नवे भागीदार, वय वर्षे पंचविसाच्या आतबाहेर, बाहेर आले व अत्यंत मृदू स्वरात म्हणाले, ‘‘काका, टेक्निकल बाबी तुम्ही क्लायंटशी नका बोलत जाऊ. तुम्ही क्वालिफाइड नाही ना.’’

व्यापाऱ्याने खाली मान घातली. मी पेनाचे टोपण लावले.

आता हे चिरंजीव कोण, तेही सांगितले पाहिजे. हे आमच्याकडे आर्टिकल म्हणून उमेदवारीस आले, तेव्हा बँकेच्या पासबुकात जमेस दिसणारी रक्कम आपल्या कीर्दीत नावे का पडते, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी माझे दोन दिवस घेतले होते. घसारा, अनामत, येणे-देणे, सस्पेन्स खाते हे कचरा टाकण्याचे ठिकाण नव्हे हे तत्त्व, व्हाउचर पाहताना आकड्याआधी तारीख पाहावी आणि तारखेआधी कागदाचा रंग पाहावा ही युक्ती, हे सारे त्यांना त्याच मेजाशी मिळाले. तेरीज जुळत नाही म्हणून रात्री अकरा वाजता त्यांनी मला घरून बोलावून नेले आहे, आणि फरकाला नवाने नि:शेष भाग जातो म्हणजे कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली आहे, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे जादूगाराकडे पाहावे तसे पाहिले आहे. त्यांची उमेदवारी संपली तेव्हा प्रशिक्षणपूर्तीचा फॉर्म 108 मीच भरला. त्यात लिहावयाचे असते की सदर विद्यार्थ्यास अमुक काळ व्यावहारिक शिक्षण मिळाले. खाली सही अर्थात प्रिन्सिपल साहेबांची, ज्यांची व विद्यार्थ्याची गाठ त्या काळात बहुधा जिन्यावरच पडत असे.

महाराज, माझे दुखणे येथे आहे. बाकीच्या गोष्टींचे मला फारसे काही वाटत नाही. वेतनाचे म्हणाल तर ते कधीच ताळेबंदात दिसण्याइतके नव्हते. खुर्ची पंख्याखाली नसते. दिवाळीचे पाकीट देताना प्रिन्सिपल घड्याळाकडे पाहतात. चालावयाचेच. परंतु जो अनुभव मी दुसऱ्यास दिला तर आपल्या लेखी रीतसर शिक्षण ठरतो, त्यास नोंदणीक्रमांक मिळतो, पूर्वी तीन आणि 2023 च्या नव्या योजनेपासून दोन वर्षे म्हणून तो मोजला जातो, तोच अनुभव मूळ धन्यापाशी चाळीस वर्षे शिल्लक पडून असला तर त्याची किंमत शून्य धरावी, ही कोणत्या पद्धतीची मूल्यांकनाची रीत आहे? विकलेल्या मालास किंमत आणि गोदामातल्या त्याच मालास शून्य, असा ताळेबंद मी आपणापुढे ठेवला असता तर आपल्या सभासदांनी मला कचेरीतून हाकलून दिले असते, आणि ते योग्यच झाले असते!

आपण म्हणाल, परीक्षा द्यावयाची होती. दिली. एक ग्रुप निघाला. दुसऱ्यात प्रत्येक विषयात 40 मिळाले, पण एकंदरीत 50 टक्के भरले नाहीत, आणि पुढे संसार मध्ये आला. पुण्याच्या पेठांतून माझ्यासारखे ‘इंटर सीए’ पुष्कळ आढळतील; मार्च आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत हे शहर आम्हीच जागे ठेवतो. आपल्या संस्थेच्या बोधचिन्हावर गरुड आहे आणि सोबत, सगळे निजले असता जो जागा राहतो त्याच्याविषयीचे कठोपनिषदातले वचन आहे. ते वचन आमच्याविषयी असावे असा माझा फार दिवस समज होता.

परीक्षेविषयी तक्रार करण्याचा अधिकार मी गमावला आहे, हे मान्य. पण एक गोष्ट आपण आपल्या तोंडाने सांगावी. आपल्याच पोटकलमांची सुरुवात कोणापासून होते? 1932 च्या नियमांखाली जे आधीच नोंदलेले लेखापाल होते त्यांच्यापासून. त्यांना आपण जसेच्या तसे आत घेतले. आणि पुढे, मला वाटते चौथ्या क्रमांकावर, आपण आणखी एका वर्गाचा उल्लेख केला आहे: जे ‘भाग ब’ राज्यांत, म्हणजे हैदराबादेत, ग्वाल्हेर-इंदूरच्या मध्यभारतात, त्या दिवशी हिशेबाचा व्यवसाय करीत होते आणि ज्यांच्यापाशी 1932 च्या नियमांना लागणारी पात्रता नव्हती, तरीही केंद्र सरकार घालील त्या अटी जे पुऱ्या करतील. पात्रता नव्हती, व्यवसाय होता! नांदेड-औरंगाबादेचा निजामाच्या अमलातला हिशेबनीस आपणास अदृश्य नव्हता. त्याच्याकरिता आपण दिंडी दरवाजा ठेवलात. मीच तेवढा उशिरा जन्मलो.

आपल्या घराण्याबाहेरचे दाखले हवे असतील तर तेही आहेत. 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमाचे कलम 288 काढून पाहावे. गोवा, दमण-दीव, दादरा-नगरहवेली व पाँडिचेरी येथे जो मनुष्य हा कायदा लागू होण्यापूर्वी करदात्याच्या वतीने प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे उभा राहत होता, त्यास पुढेही उभे राहू दिले आहे. फिरंगी गेला, फ्रेंच गेला, पण कारकुनाची वहिवाट सरकारने मोडली नाही, आणि हे मला मनापासून आवडले. अलीकडे वस्तू व सेवा कराच्या नियमांत तर राज्याच्या करखात्यातून निवृत्त झालेला अधिकारी, गट ब राजपत्रितापेक्षा खालच्या नसलेल्या पदावर दोन वर्षे काम केलेला असला म्हणजे, कर व्यवसायी होण्यास पात्र धरला आहे. म्हणजे दोन वर्षे हरकती काढणे ही पात्रता, आणि त्याच हरकतींना चाळीस वर्षे उत्तरे लिहिणे हा केवळ काळाचा अपव्यय. (ते दार वाणिज्य पदवीधरांनाही उघडे आहे, तेव्हा मीही तेथून जाऊ शकेन, पण ते कॉलेजातल्या त्या कागदाच्या बळावर, चाळीस वर्षांच्या नव्हे.) खुद्द आपले शेजारी कलम 5 पाच वर्षे सलग व्यवसाय केलेल्या सभासदास ‘फेलो’ करते. आत शिरलेल्याचा अनुभव वाढतो, बाहेर राहिलेल्याचे नुसते वय.

ज्या साहेबाकडून आपण ही सगळी मांडणी उचलली त्याची कथा निराळी नाही. इंग्लंड-वेल्सच्या संस्थेस 1880 साली राणीची सनद मिळाली आणि तिची पहिली परीक्षा 1882 मध्ये झाली. तेव्हा मधल्या काळात जे सभासद होते ते कोणती परीक्षा उतरून सभासद झाले होते, हे उघडच आहे. धंदा करीत होते म्हणून झाले. आत आले, दार लावले, आणि मग बाहेरच्यांसाठी प्रश्नपत्रिका काढली. तेथे मेरी हॅरिस स्मिथ नावाच्या एक बाई स्वतःची कचेरी चालवीत होत्या. 1891 मध्ये त्यांनी अर्ज केला, तो त्या स्त्री असल्यामुळे नाकारला गेला, आणि 1920 साली, सत्तरी उलटल्यावर, जगातील पहिल्या स्त्री सनदी लेखापाल म्हणून त्यांचे नाव चढले. त्या मानाने मी अद्याप तरुण आहे. तीच संस्था आता अन्य देशांतल्या संस्थांच्या मुरलेल्या सभासदांना त्यांच्या अनुभवाचीच परीक्षा घेऊन सभासद करून घेते. अनुभवाचीच परीक्षा! हे वाचून त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या पेठेत राहून या विषयावर लिहावे आणि वाड्याकडे बोट दाखवू नये, हे शक्य नाही. 1756 साली वडील वारले तेव्हा चौदा वर्षांच्या बाळाजी जनार्दनास, म्हणजे नाना फडणविसांस, फडणिशी मिळाली आणि पुढे सगळ्या दौलतीचा जमाखर्च त्यांच्या मुठीत आला. त्यांना आज आपल्या देवडीवर उभे केले तर आपण त्यांना बारावीची गुणपत्रिका मागाल. अर्थात तो अनुभव नव्हता, वारसा होता. आणि वारशापेक्षा परीक्षा शतपटीने बरी, हे मी, वडिलांनी काही न ठेवलेला मनुष्य, आपणास सांगण्याची गरज नाही. पण त्या फडावर कोवळ्या वयात जी कारकुनांची पोरे उमेदवारीस बसत ती कीर्द लिहिता लिहिताच मोठी होत, आणि ज्याच्या हाताखाली ती शिकत त्यास, तू अपात्र आहेस, असे ती मोठी झाल्यावर म्हणत असतील असे मला वाटत नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर, खरे सांगतो, आपली मला थोडी दया आली. आपण हौसेने तेथे उभे नाही. 1913 साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली, तिच्या आगेमागे लाहोरपासून कितीतरी बँका कोसळल्या, आणि पैपैचे ठेवीदार रस्त्यावर आले. त्याच साली कंपनी कायद्याने प्रथम विचारले की हिशेब तपासणारा मनुष्य आहे तरी कोण. तो प्रश्न रास्त होता. 1918 पासून मुंबई सरकारची हिशेबविद्येची पदविका, 1932 चे नियम आणि अखेर आपण, ही सगळी त्याच प्रश्नाची उत्तरे आहेत. उद्या अनुभवाचे दार सताड उघडले तर माझ्या आधी कोण कोण आत घुसेल, याची यादी मी आपणास या पेठेतल्या पेठेत करून देऊ शकतो, आणि त्यात दोन वह्या ठेवणारे निदान तिघे निघतील. त्यांना अडविण्यासाठी आपण मला अडविता. आपणापुढे येतो तो कागद. त्यावर नियत दिसत नाही. सत्यम कंपनीच्या वेळी, 2009 मध्ये, पाच हजार कोटींहून अधिक रोकड नुसतीच कागदावर निघाली, तिच्या ताळेबंदांवरील सह्या आपल्याच नोंदवहीतल्या होत्या. तेव्हा आपणास काय वाटले असेल ते मी समजू शकतो. लिहून दिले तेवढेच पाळावयाचे, स्वतःच्या अकलेने एक ओळ वाढवायची नाही, आणि बोल मात्र स्वतः ऐकून घ्यायचा: आपण आणि मी एकाच दर्जाचे नोकर आहोत.

आमच्या त्या चिरंजिवांचेही मी सगळे वाईट म्हणणार नाही. सही करताना त्यांचा हात किंचित थांबतो, हे मी पाहिले आहे. आता प्रत्येक अहवालावर अठरा अंकांचा यूडीआयएन काढावा लागतो, आणि उद्या चौकशी आली तर त्या अंकांमागे त्यांचे नाव निघेल, माझे निघणार नाही. ते भय त्यांच्या वाट्याचे आहे. पण त्या दिवशी त्यांनी ते व्यापाऱ्यासमोर बोलायला नको होते. दाराआड बोलावून बोलले असते तर मी होय म्हटले असते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. नावापुढे अक्षरे नकोत. या वयात पाटी रंगवून घेण्याइतकी भिंतही माझ्या घरास नाही. अनुभवाची परीक्षा आपण कधी काढलीतच तर मला प्रश्नपत्रिका नको. न जुळणारी एक तेरीज आणि एक जुनी खतावणी द्यावी आणि समोर बसावे. ते होईपर्यंत फॉर्म 108 वर प्रिन्सिपलच्या सहीखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी: ‘प्रत्यक्ष शिकविणाराचे नाव’. सहीची जागा ठेवू नये, कारण आपले धाकटे बंधू कलम 26 सनदी लेखापालाच्या वतीने मला सही करू देणार नाहीत, आणि मी भावाभावांत तंटा लावू इच्छीत नाही. नाव पुरे. आमच्याकडे यंदा दोन नवी पोरे उमेदवारीस आली आहेत. त्यांपैकी एकीने काल विचारले की बँकेच्या पासबुकात जमा ती आपल्याकडे नावे का, आणि मी तिला उद्या सकाळी लवकर ये म्हणून सांगितले आहे.

बहुत काय लिहिणे. मोर्तब करण्याचा अधिकार नसल्याने नुसतीच लेखनसीमा.