समुद्राला चुना

कात्रजमध्ये राहणाऱ्या माणसाला कॅल्शियमचं कौतुक नसतं. आमच्या सोसायटीत निम्मं पाणी महापालिकेचं, निम्मं टँकरचं आणि उन्हाळ्यात सगळंच टँकरचं. त्यातले क्षार नळाच्या तोंडाशी पांढरे थर धरतात, शॉवरची भोकं बुजवतात आणि दरवर्षी गीझरची एक कॉइल खातात. आमच्या घरी व्हिनेगर चायनीजसाठी येत नाही, नळांसाठी येतं. जिन्यात दोन शेजारी भेटले, तर त्यातल्या एकाचा तरी मुतखडा पडायचा असतो. अशा या कॅल्शियमने गांजलेल्या इमारतीत, पदरचे पैसे मोडून पाण्यात कॅल्शियम ओतणारा एकच रहिवासी होता. तो मी.

त्याचं असं झालं की गोड्या पाण्यातले मासे सगळेच पाळतात, आपण समुद्र पाळावा असं मला वाटलं. कात्रजहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून शंभराच्या वर किलोमीटर जावं लागतं, म्हणून तो घरीच करायचा. हॉलमध्ये शंभर लिटरची टाकी आली. टँकरचं पाणी आरओतून काढायचं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम जातं. मग त्यात समुद्री मीठ कालवायचं, म्हणजे कॅल्शियम परत येतं. आधी काढायला पैसे, मग घालायला पैसे. हा व्यवहार बायकोला समजावून सांगताना मलाच नीट कळेनासा झाला, पण तोवर टाकीचे पैसे देऊन झाले होते.

टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, थोडे मश्रूम कोरल आणि बटन पॉलिपचा एक पुंजका अशी मंडळी आली. सगळी मजेत होती. इथेच थांबायला हवं होतं. पण मी वाचायला लागलो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 410 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रवाळाच्या टाकीत ते 400 ते 450च्या दरम्यान ठेवावं, अल्कलिनिटी 7 ते 11 अंश आणि मॅग्नेशियम 1300च्या आसपास असावं, असं जाणकार सांगतात. मी तपासणीचा संच आणला. पाण्याच्या नमुन्यात पूड टाकली की तो गुलाबी होतो. मग एकेक थेंब सोडत जायचं आणि निळा झाला की थांबायचं. मी थांबलो. आकडा आला 380.

माझं समुद्र-कुटुंब कुपोषित आहे हे कळल्यावर मला राहवेना. हिशेब सोपा होता. शंभर लिटर पाण्यात 40 मिलिग्रॅमची तूट म्हणजे चार ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे निर्जल कॅल्शियम क्लोराइड अकरा ग्रॅम. मी जरा सढळ हाताने घेतलं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन पूड टाकली आणि पेला चटका बसेल इतका तापला. हे मीठ विरघळताना उष्णता सोडतं, हे मी पेला सिंकमध्ये टाकून दिल्यानंतर वाचलं.

वाचायचं राहिलेलं दुसरं म्हणजे त्याची तहान. कपाटातला ओलावा शोषायला जे डबे विकत मिळतात, त्यात हेच मीठ असतं. आमच्याकडे पावसाळा म्हणजे घाटावरून उतरणारे ढग थेट बाल्कनीत. बरणीचं झाकण एकदा नीट लागलं नाही, तेवढ्यात पुडीचा गोळा झाला आणि गोळ्याचं पाणी झालं. आता ग्रॅम कशाचे मोजायचे? मी चमचे मोजू लागलो. आकडा मात्र 380वरून फारसा हलेना. मी चमचे वाढवले.

कॅल्शियम असं बेसुमार वाढलं की ते पाण्यातला कार्बोनेट धरून तळाशी बसतं आणि अल्कलिनिटी घसरते. माझी घसरली. त्यावर उपाय खायच्या सोड्याचा. हे दोन्ही घालायचे, पण वेगवेगळे, मध्ये वेळ सोडून आणि पाण्याचा प्रवाह असेल तिथे. मला ऑफिसला उशीर होत होता. मी दोन्ही एकाच पेल्यात कालवले. पेला दुधासारखा पांढरा झाला. रसायनशास्त्राच्या भाषेत त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात आणि शाळेच्या भाषेत खडू. तोही मी टाकीत ओतला, कारण ‘एवढं महागाचं वाया कशाला घालवायचं?’

आई हे सगळं पान जुळवत बघत होती. म्हणाली, “अरे, एवढं कशाला? चुन्याची निवळी घाल. तुला लहानपणी मी तीच दिली.”

मी हसणार होतो, पण पुस्तकात तेच निघालं. 1970च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी प्रवाळाच्या टाक्यांसाठी हाच उपाय रूढ केला: चुना पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळ घ्यायची. त्यातून कॅल्शियमही मिळतं, अल्कलिनिटीही. फक्त ती जहाल असते, सामू बाराच्याही वर. म्हणून थेंब थेंब सोडायची आणि शक्यतो रात्री. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. निवळी त्याला सावरते.

थेंब थेंब सोडायला सलाइनच्या सेटइतकं सोयीचं काही नाही. मेडिकलमधून तो आणला, बाटली पडद्याच्या दांडीला टांगली, नळी टाकीत सोडली. हॉलची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. दुसऱ्या दिवशी वॉचमनने हळू आवाजात विचारलं, “साहेब, आई बऱ्या आहेत ना?” तळमजल्यावरच्या काकू शहाळं घेऊन आल्या. आईने ते पिऊन टाकलं आणि बरं वाटतंय म्हणाली.

सलाइनच्या नळीवरची चकती ढिली पडली तर काय होतं, हे नर्सला ठाऊक असतं. मला मध्यरात्री कळलं. सगळी बाटली रिकामी आणि टाकीत हिमवर्षाव. मासे दिसेनात. सामू नऊच्या पुढे गेलेला. यावर तातडीचा उपाय म्हणजे साधी सोडावॉटरची बाटली. त्यातला कार्बन डायऑक्साइड सामू खाली आणतो. एवढ्या रात्री सोडा मिळणारं ठिकाण सातारा रस्त्यावर एकाच प्रकारचं असतं. आतल्या माणसाने दोन बाटल्या काढल्या आणि आपुलकीने विचारलं, “सोबत काय देऊ?”

“काही नको. माशांना पाहिजे.”

“शेंगदाणे घेऊन जा,” तो म्हणाला. बहुधा मला जास्त झालीये असं त्याला वाटलं असावं.

मासे वाचले. क्लाउनफिश चिवट असतो. पंप मात्र गेला. त्याच्या फिरत्या चाकावर चुन्याचं कवच बसलं होतं, हीटरवरही. कॅल्शियम कार्बोनेट ऊन जागी आधी बसतं, गीझरच्या कॉइलवर बसतं त्याच कारणाने. बायकोने एकाच बादलीत व्हिनेगर ओतलं आणि त्यात बाथरूमचा नळ आणि समुद्राचा पंप शेजारी-शेजारी भिजत ठेवला. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्याचं पाणी भुयारी नळांतून, नुसत्या उतारावर, पार पुण्यातल्या हौदांपर्यंत पोचलं. मला विजेवर चालणाऱ्या पंपाने शंभर लिटर पाणी जागच्या जागी फिरवता आलं नाही.

नवा पंप घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “दगडी कोरल कोणते आहेत तुमच्याकडे?”

एकही नव्हतं. असणारही नव्हतं. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. आपल्या समुद्रातून ते काढणं गुन्हा आहे आणि ते बरंच आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक ही पाण्याखालची प्रवाळटेकडी कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, तिथे ते सुखाने वाढतात. तिथे चमचा घेऊन कोणी जात नाही.

आणि पाण्यातलं कॅल्शियम खातात ते प्रामुख्याने हेच दगडी प्रवाळ. सांगाडा बांधताना दर 20 मिलिग्रॅम कॅल्शियममागे ते 2.8 अंश अल्कलिनिटी उचलतात. माझ्या मश्रूमांना आणि बटनांना सांगाडाच नाही. त्यांना लागणारं जवळपास सगळं मिठातूनच मिळत होतं. पंगतीला कोणी बसलंच नव्हतं आणि मी वाढत सुटलो होतो.

“पण मग ते 380?” हा प्रश्न घरी येऊन मी मोठ्याने विचारला. बरंचसं पाणी बदलून झालं होतं. बायकोने तपासणीची नळी हातात घेतली आणि माझ्याकडून थेंब सोडवून घेतले. मी नेहमीच्या ठिकाणी थांबलो.

“हा निळा?” ती म्हणाली. “अहो, हा वांगी रंग आहे.”

तिच्याकडे या रंगाची साडी आहे. अजून जांभळा व्हायचा होता, मग निळा. तिने पुढचे थेंब स्वतः सोडले आणि नळी खरोखर निळी झाली. आकडा आला 420. टाकीत कॅल्शियम कधी कमी नव्हतंच. कमी थेंब होते.

आता मी फक्त पाणी बदलतो. उरलेलं कॅल्शियम क्लोराइड साड्यांच्या कपाटात ओलावा शोषतंय, आणि या सगळ्या खटाटोपात गुण आलेला तो एकच प्रयोग आहे. तपासणीचा संच बायकोच्या ताब्यात आहे.

मध्यंतरी पाय दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि म्हणाले, “कॅल्शियम कमी दिसतंय. गोळ्या लिहून देतो.”

मी म्हटलं, “नुसतं कॅल्शियम वाढवून भागत नाही, डॉक्टर. मॅग्नेशियम तपासलंत का?”

त्यांनी लिहिणं थांबवलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत, जरा आदरानेच विचारलं, “तुम्ही आमच्याच क्षेत्रातले का?”

“छे हो,” बायको म्हणाली. “आमच्याकडे मासे आहेत.”