मूठ वर, मागं कोणी नाही

माझा पुतण्या अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तिथली तळी हिवाळ्यात अशी गोठतात म्हणे, की लोक त्यावर मोटारी उभ्या करून मासे धरतात. दर हिवाळ्यात तो आणि त्याचे मित्र चार दिवस स्नोमोबाईलवर जंगलात भटकतात. स्नोमोबाईल म्हणजे पुढं दोन स्की, मागं रणगाड्यासारखा रबरी पट्टा आणि मधे आपण. त्या राज्यात स्नोमोबाईलसाठी वीस हजार मैलांवर वाटा आहेत आणि गावोगावच्या क्लबांची मंडळी यंत्र फिरवून त्या सपाट ठेवतात. हे मी पारावर सांगितलं, तर मेडिकलवाले भाऊ म्हणाले, "आपल्या इथी सपाट रस्ता दिसला तं समजायचं, आपून चुकलो."

या यंत्राचा एक मोठा उत्पादक कॅनडातला बोंबार्डिए. त्यानं १९५९ साली काढलेल्या गाडीचं नाव 'स्की-डॉग' ठेवायचं होतं, पण छापताना चूक झाली आणि 'स्की-डू' झालं, असं सांगतात. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या मूर्तिजापूरचं नाव इंग्रजीत कोणी जे घालून लिहितं, कोणी झेड घालून, पण गाडी इथंच थांबते.

तर पुतण्याच्या नादानं आम्हीही ठरवलं. संक्रांत झाली की सहा जण, सहा फटफट्या, चार दिवस: दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह आणि परत. बर्फ नाही, पण थंडी होती. मेमध्ये पंचेचाळीस अंशांत भाजून निघणाऱ्या माणसाला बारा अंश म्हणजे हिमालयच.

पुतण्यानं फोनवर हाताच्या खुणा शिकवल्या. अरुंद वाटेवर समोरून दुसरी टोळी आली, की प्रत्येकानं आपल्या मागं किती गाड्या आहेत तेवढी बोटं दाखवायची. सगळ्यात शेवटच्यानं मूठ वर करायची, म्हणजे मागं कोणी नाही. थांबायचं असेल तर पुढच्यानं डावा हात सरळ वर. आमच्यातल्या गुरुजींना हे फार आवडलं. चाळीस वर्षं प्रभातफेरी काढलेला माणूस, पुढारपण आपोआप त्यांच्याकडे गेलं. शेवटी आप्पा, कारण ते निवृत्त तलाठी, मोजणीचा अनुभव दांडगा.

सकाळी सहाला निघायचं होतं, आठला निघालो. स्वेटरच्या आत छातीशी घडी घातलेलं वर्तमानपत्र, डोक्याला माकडटोपी, वर मफलर. तिकडच्या गाड्यांचे हँडल गरम होतात म्हणे. आमच्याकडे त्यासाठी दर दहा किलोमीटरला चहा.

लाखपुरीजवळ पूर्णेच्या पुलावर गारठ्यानं डोळ्यांतून पाणी आलं. समोरून कापसाचा ट्रॅक्टर येत होता. गुरुजींनी नियमाप्रमाणं हाताची पाच बोटं दाखवली. त्यांच्या मागं आमच्यातले ट्रॅक्टरवाले दादा, त्यांनी चार, मग बाकीच्यांनी तीन, दोन, एक. शेवटी आप्पांनी मूठ उगारली. ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून आप्पांना म्हणाला, "काय झालं जी? माह्यावर काऊन तापले?"

पुढच्या फाट्यावर त्याहून मोठा घोळ झाला. गुरुजींनी थांबण्यासाठी पंजा वर केला आणि टपरीवरचा पोरगा धावत आला, "तुमी कोण्या गटातून उभे हा जी?" जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं होतं. गुरुजींनी नाही म्हणायला हात हलवला, तो त्यानं नमस्कार समजला आणि चहाचे पैसे घेईना. नंतर मेडिकलवाले भाऊ मुद्दाम प्रत्येक टपरीपुढं पंजा दाखवायला लागले. तो प्रयोग दर्यापुरात फसला, तिथं टपरीवाला दुसऱ्या पक्षाचा निघाला.

त्या रस्त्याची एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी होती. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडतो आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना अडकतो. काट्याकाट्यावर लोंबणारे पांढरे पुंजके, त्यावर दव, त्यावर सकाळचं तिरपं ऊन. रस्त्याच्या कडेलाही तेच, धुळीत मिसळून मळकं झालेलं. गाडी गेली की पुंजके उठतात, हवेत तरंगतात आणि मागच्याच्या मिशीत जाऊन बसतात. सगळ्यात मागं आप्पा, त्यामुळे सगळ्यांच्या वाट्याचा कापूस त्यांच्याकडे. त्यांना वाटेत आठवण झाली ती सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्याची.

मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर शकुंतला रेल्वेनं ७६ किलोमीटर. ती ब्रिटिश कंपनीची नॅरोगेज, तिचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. गाडी धावत होती तेव्हा अचलपूरला साधारण चार तासांत पोचवायची आणि आम्ही सगळे तिच्या वेगावर आयुष्यभर हसलो. आम्हाला शेजारचं परतवाडा गाठायला नऊ तास लागले. दर्यापुरात ट्रॅक्टरवाल्या दादांची साळी, तिनं उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढं ठेवल्या. नाही कसं म्हणणार? पुढं एका शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती; मालक अनोळखी होता, पण पाच मिनिटांत तो गुरुजींचा विद्यार्थी निघाला. भरीत, भाकर, वर कच्चं तेल. अंजनगाव पानमळ्यांचं गाव, म्हणून तिथं पान खाणं भागच होतं. पुतण्याच्या मिनेसोटात स्नोमोबाईलला ताशी पन्नास मैलांची मर्यादा आहे. आमच्यासाठी ती मर्यादा नातेवाइकांनी घालून दिली होती.

चिखलदऱ्याचा घाट चढताना आप्पांची स्कूटर बंद पडली. चूक त्यांचीच, पेट्रोल अंजनगावला भरायचं ते पानाच्या नादात राहिलं. तिकडं बर्फात मशीन रुतली, की सगळे उतरून ओढतात. इथं सगळे उतरले, सभोवती उभे राहिले आणि प्रत्येकानं एकेक कारण सांगितलं. मेडिकलवाल्यांनी तर टाकीला कान लावला. शेवटी माझ्या गाडीतून नळीनं पेट्रोल काढलं. ते तोंडानं ओढायचं काम तलाठ्याला सवयीचं असेल, असं गुरुजी म्हणाले आणि दोन तास दोघांत बोलणं बंद होतं.

चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. महाराष्ट्रात कॉफीचं पीक घेणारं हे गाव, म्हणून पहाटे देवी पॉइंटवर आम्ही कॉफी मागितली. टपरीवाल्यानं पाकीट फोडलं आणि चहाच दिला, आलं घालून. धुकं एवढं, की गाविलगड किल्ला कुठं आहे ते बोट दाखवूनही कळेना. इंग्रजांच्या वेलस्लीनं १८०३ च्या डिसेंबरात तो घेतला. गुरुजी तोफा कुठून डागल्या ते हात पसरून सांगत होते आणि धुक्यात त्यांचा हातच दिसत नव्हता.

सेमाडोहला काही विशेष घडलं नाही. वाघ दिसला नाही. दादांना दिसला, असं ते म्हणतात.

परतीच्या दिवशी पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला, दर्यापूर सोडून आम्ही चहाला थांबलो होतो तेव्हा. त्याच्या पाठीमागं खिडकीबाहेर पांढरंशुभ्र, उणे बावीस. आप्पा तेवढ्यात पोचले. स्कूटर स्टँडवर लावून, सवयीनं मूठ वर करून, माकडटोपीसकट माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावले. भुवया, मिशी, मफलर, सगळं कापसानं भरलेलं.

"काका," पुतण्या ओरडला, "तिथं बर्फ पडला?"

आप्पांनी मिशीतला एक पुंजका काढून बोटांत चोळून पाहिला.

"हो नं बे," ते म्हणाले, "पण भाव नाई भेटला."