सव्वादोन मिलिमीटरचं भांडण

सव्वादोन मिलिमीटरवरून माणसं किती भांडू शकतात?

इंग्लंडात जाऊन बघा. आजोबा भांडले, मुलगा भांडला, आता नातू भांडतोय.

भांडणारे सगळे मॉडेल रेल्वेवाले. घराच्या माळ्यावर नाहीतर बागेतल्या शेडमध्ये छोटे रूळ टाकून छोट्या गाड्या चालवणारे. तिथला सर्वांत लोकप्रिय हिशेब असा : खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचे ४ मिलिमीटर. खऱ्या रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच. गुणाकार शाळकरी पोरालाही जमेल. उत्तर १८.८३ मिलिमीटर.

दुकानात मिळणारा रूळ १६.५ चा.

असं का? तिथले पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगानं सडपातळ. सुरुवातीच्या काळातल्या मोटारी त्या सडपातळ मॉडेलच्या पोटात मावेनात. मग कारखानदारांनी इंजिन जरा फुगवलं, रूळ होते तेच ठेवले. तेव्हापासून तिथल्या बहुतेक छोट्या गाड्या हव्या त्यापेक्षा, खऱ्या मापात, चक्क सात इंचांनी अरुंद रुळांवर उभ्या आहेत. सदरा थोरल्याचा, पाय धाकट्याचे.

यावरून तीन पंथ पडले. ‘डबल ओ’वाले म्हणतात, गाडी चालतेय ना? मग चालू द्या. ‘ईएम’वाले १८.२ पर्यंत जाऊन थांबले. ‘पी-फोर’वाले १८.८३ च्या खाली यायला तयार नाहीत. त्यांना रूळ, सांधे, चाकं सगळं त्या मापाचं जुळवून बसवावं लागतं. पहिल्याची गाडी धावते, पण रूळ चुकीचे. तिसऱ्याचे रूळ अचूक, गाडी पुढच्या वर्षी.

हसलात? मग आपल्या डेक्कन क्वीनकडे बघा.

आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. सत्त्याऐंशी पटींनी लहान केलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवं. हौशी माणूस तिचं मॉडेल कशावर चालवतो? बाजारातल्या त्याच १६.५ वर. म्हणजे आपली राणी सुमारे साडेनऊ इंच अरुंद रुळांवर धावते. इंग्रजांची चूक सात इंचांची, आपली साडेनऊ. त्यांच्याकडे त्यावरून तीन पंथ झाले. आपल्याकडे किती जणांनी पट्टी लावून बघितलं?

असं मोजत बसणाऱ्याला तिकडे ‘रिव्हेट मोजणारा’ म्हणतात. तुम्ही वर्षभर खपून इंजिन बनवायचं आणि त्यानं चष्मा वर करून सांगायचं, टाकीवरच्या रिव्हेटची एक ओळ कमी आहे. राग येतो.

मग जुना फोटो काढून बघावा, तर ओळ खरंच कमी असते.

मॉडेलच्या प्रदर्शनात हे भांडण रंगात आलं की शेजारच्या टेबलावरून एक तिसराच आवाज येतो. तो कालव्यांच्या आणि बोटींच्या नादी लागलेल्याचा, कालवेवाल्याचा. म्हणतो, रूळ कितीही रुंद करा हो, आमचं गिऱ्हाईक पळवलंत ते पळवलंतच.

त्याचं म्हणणं खोटं आहे का? ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरात कोळसा निम्म्या भावावर आला. पुढची साठ-सत्तर वर्षं देशभर कालवे खणले गेले. मग १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावली. पुढे रेल्वे कंपन्यांनी बरेच कालवे विकतच घेतले. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याचं दुकानच ताब्यात. दुकान नीट चालावं यात कुणाला रस असणार?

हा वाद आपल्याकडेही झाला आहे, आणि तो खेळण्यांपुरता नव्हता. गोदावरीवर धवलेश्वरम इथं बंधारा बांधणारे आर्थर कॉटन जन्मभर सांगत राहिले की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा नौकानयनाचे कालवे द्या. माल स्वस्तात जाईल आणि शेतालाही पाणी मिळेल. सरकारनं कुणाचं ऐकलं, हे तुम्ही रोज सकाळी लोकलला लटकताना अनुभवताच.

पण तिकडच्या टेबलाकडे परत येऊ. तिथली मजा अजून संपलेली नाही.

रेल्वेवाला आपल्या मॉडेलच्या कोपऱ्यात एक कालवा हमखास ठेवतो. रेझिन ओतून केलेलं काचेसारखं पाणी, एक बोट, दोन बदकं. कालवेवाला ते बघतो आणि विचारतो, हा बार्ज इतका बारीक कसा? नाही, तो असं कधीच विचारणार नाही. नॅरोबोटला ‘बार्ज’ म्हणणं हे त्या दुनियेतलं पहिलं पाप. ते पाप रेल्वेवाला करतो, मुद्दाम, दर भेटीत.

नॅरोबोट म्हणजे जेमतेम ६ फूट १० इंच रुंदीची आणि सत्तर फुटांपर्यंत लांबीची बोट. कारण तिथल्या अरुंद कालव्यांवरचं लॉक, म्हणजे बोट चढवण्या-उतरवण्याचा दारं असलेला हौद, सात फुटांचं. दोन्ही बाजू मिळून दोन इंच मोकळे. इतक्या फटीतून सत्तर फुटांचं धूड नेणारा माणूस सव्वादोन मिलिमीटरवर भांडणाऱ्याला हसणार कोणत्या तोंडानं?

तरी हसतो.

रेल्वेवाल्याचं उत्तर तयार असतं. कालव्यावर वेगमर्यादा ताशी चार मैल. मॉडेलच्या मापात ते सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटर आणि वर चिमूटभर. दोन मीटरच्या टेबलावर बोट या टोकाहून त्या टोकाला जायला जवळजवळ दीड मिनिट. प्रेक्षक तोवर चहा पिऊन येतात. कालवेवाला म्हणतो, छान. तुमची एक्स्प्रेस पाच सेकंदांत गेली, त्यांनी बघितलं काय?

कालव्याच्या काठावर उभं राहून नुसतं बघत बसणाऱ्यांसाठी तिथल्या बोटवाल्यांनी एक खास शब्दच ठेवला आहे : गाँगूझलर. मराठीत त्याला शब्द नाही. जेसीबी चालू झाला की जमणारी गर्दी मात्र आहे.

आणि गाडी रुळावरून घसरली की? वाफेच्या इंजिनांची ओळख चाकांच्या आकड्यांवरून होते : ०-६-०, २-६-४, असं. घसरलेली गाडी उचलायला वरून जो हात येतो, त्यालाही या मंडळींनी आकडा दिला आहे. ०-५-०. पाच बोटं. सगळ्या मॉडेल रेल्वेंवर सर्वाधिक काम करणारं इंजिन हेच. ते १८.८३ च्या रुळांवरही लागतं, १६.५ च्या रुळांवरही लागतं.

आता प्रश्न असा की ही दोन घराणी इतकी टोमणे मारतात, तर एकमेकांना सोडत का नाहीत?

दोघांचा मूळपुरुष एकच निघतो, म्हणून. टॉम रोल्ट.

रोल्ट पेशानं इंजिनिअर. ‘क्रेसी’ नावाच्या नॅरोबोटीवर त्यांनी संसार थाटला आणि १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक काढलं. ते वाचून रॉबर्ट एकमन भेटायला आले, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. कालव्यांवर गवत माजलेलं, दारं कुजलेली. हे वाचवून करणार काय, असं शहाणी माणसं विचारत होती.

१९४७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ रोल्टनी काय केलं बघा. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा उचलता पूल मोडला होता आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं तिथं पक्का, ठेंगणा पूल ठोकून दिला होता. कालवा त्याच कंपनीच्या मालकीचा. पण कायद्यानं बोटींचा हक्क शाबूत होता. रोल्टनी रीतसर कळवलं, मी बोट घेऊन येतोय. रेल्वेच्या माणसांना जॅक लावून पूल उचलावा लागला. क्रेसी खालून गेली.

कालवेवाला हा किस्सा सांगताना छाती फुगवतो. रेल्वेवाला शांतपणे विचारतो, पुढे काय झालं?

पुढे रोल्ट आणि एकमन यांचं बिनसलं. १९५१ मध्ये रोल्टना त्यांच्याच संघटनेतून काढलं. त्या वर्षी ते होते कुठे? वेल्समध्ये, टॅलिलिन नावाच्या मोडकळीला आलेल्या छोट्या रेल्वेचे व्यवस्थापक म्हणून. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली वारसा रेल्वे ती. १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी सुटली. रेल्वेवाल्यांकडून पूल उचलून घेणारा माणूस चार वर्षांत स्वतः रेल्वे चालवत होता.

तुमच्या नातवंडांचा थॉमस द टँक इंजिन माहीत आहे ना? त्याचे लेखक रेव्हरंड ऑड्री हेही याच टॅलिलिनवर स्वयंसेवक म्हणून राबले. ते स्वतः मॉडेल रेल्वेवाले.

टॅलिलिनचा गेज २ फूट ३ इंच. चार मिलिमीटरच्या हिशेबात बरोब्बर ९ मिलिमीटर, आणि ९ मिलिमीटरचा रूळ दुकानात तयार मिळतो. सगळ्या भांडणात हे एकच माप निमूट जुळतं.

आणि आता आपल्या घरची गोष्ट.

बार्शी लाइट. कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७. गेज अडीच फूट. ती आखणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. (पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवणारे ते हेच.) प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्यांचा हट्ट. हलके रूळ, स्वस्त बांधणी, तरीही भरपूर माल. ही गाडी पुढे पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला गेली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिनं विठोबापर्यंत पोचवल्या?

बार्शीचा अनुभव कॅलथ्रॉपनी पुढे इंग्लंडात वापरला. स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ मध्ये एक छोटी रेल्वे सुरू झाली, तिचे सल्लागार तेच. गेज तोच, अडीच फूट. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, बार्शीची पहिली इंजिनंही तिथलीच. समोर भलामोठा दिवा, जो इंग्लंडात कुणी लावत नसे. एका इंजिनाचं नावच ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. माळरानावरच्या बार्शीचा थाट इंग्लंडच्या हिरव्या दरीत.

ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. रूळ उखडले. आज तिथं पायवाट आहे.

काही मैलांवर कॅल्डन कालवा. तोही मरणपंथाला लागला होता. हौशी माणसं मागे लागली आणि १९७४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. दरीतली रेल्वे चालवणारी आणि कालव्याची मालक एकच कंपनी होती, नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वे. कंपनी इतिहासजमा झाली, तिची छोटी रेल्वे गेली, आणि तिच्या गळ्यातलं लोढणं असलेल्या कालव्यावर आज बोटी चालतात. या एका जागी कालवेवाल्याच्या टोमण्याला रेल्वेवाल्याकडे उत्तर नाही.

पण ती गेलेली रेल्वे कुठे राहिली? मॉडेलवाल्यांच्या टेबलावर. तिच्या पिवळ्या डब्यांची छटा, त्या दिव्याची जागा, पायऱ्यांची उंची, सगळं नोंदलेलं आहे. ते रिव्हेट मोजणाऱ्यांनी नोंदवलं. ज्यांना आपण रिकामटेकडे म्हणतो त्यांनी.

आणि तिची थोरली बहीण, बार्शी लाइट? तिचे अडीच फुटांचे रूळ गेले, ब्रॉडगेज आलं. चांगलंच झालं, प्रवास सुखाचा झाला. पण तिच्या डब्यांचा रंग शेवटच्या वर्षांत कोणता होता? तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बाकं उभी होती की आडवी? बार्शी टाउनच्या फलाटावर पाण्याची टाकी कोणत्या बाजूला?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेंचं संग्रहालय उभं केलं. पोरांना जरूर न्या. तिथं गाड्या धावताना बघून एखादं पोर घरी येऊन रूळ मागेल, त्याला ‘अभ्यास कर’ म्हणू नका. ते रूळ मोजायला लागलं की अभ्यास सुरूच झाला.

आणि मोजायला कागद लागतात. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज. या पट्ट्यातल्या वाचकांच्या ट्रंकांमध्ये, भिंतीवरच्या तसबिरींमागे, लग्नाच्या अल्बममध्ये कुठेतरी ती गाडी मागे उभी असेल. वडील रेल्वेत असतील तर त्यांची डायरी असेल, तिकीट असेल. आजोबा अजून असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा, डब्याचा रंग विचारा आणि लिहून ठेवा. फोटोच्या मागे गाव आणि साल घाला. पेन्सिलीनं.