घूंऽऽ

मोशी-चिखलीकडच्या प्रत्येक सोसायटीत हा एक तरी असतोच. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, खातं क्वालिटी, कंपनी भोसरी एमआयडीसीत, आणि घरी कपाटाशेजारच्या फटीत इलेक्ट्रिक गिटार. आठ तास तो पॉवर प्रेसच्या धडधडाटात कानांत बोळे घालून सुखाने उभा असतो. घरी मात्र रेकॉर्डिंग करताना हेडफोनमध्ये बारीकशी घूंऽऽ आली, की त्याला अन्न गोड लागत नाही.

ही घूं महावितरणची. वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि गिटारचं सिंगल कॉइल पिकअप म्हणजे बारीक तारेचं वेटोळं. सुरांबरोबर ते हेही इमानेइतबारे टिपतं. उपाय जुनाच आहे. गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी शेजारी बसवली आणि एकाची घूं दुसऱ्याने मारली. हाच हमबकर. पेटंटचा अर्ज १९५५चा, मंजुरी १९५९ची. हे तो जेवताना इतक्यांदा सांगतो, की आईला सेठ लव्हर हे चिंचवड स्टेशनचे कोणी व्यापारी वाटतात.

"मग त्यांच्याकडनंच आण की!"

आणत नाही. म्हणे सिंगल कॉइलचा टोन वेगळा. शिवाय हमबकर आणल्यावर संध्याकाळी करायचं काय, हेही आहेच.

मग सुरू होतं व्हाय-व्हाय ॲनालिसिस. घूं का येते? पंख्याच्या रेग्युलेटरमुळे. पंखा बंद, महिना एप्रिल. तरी का? एलईडी ट्यूबमुळे. अंधार. तरी का? लॅपटॉपच्या चार्जरमुळे. तोही उपटला. दारात बायको मिक्सरचं भांडं धरून उभी. "अहो, चटणी वाटू का आता?" "एकच टेक!" इडल्या गार. खुर्ची गोल फिरवत त्याने घूं सर्वांत कमी येणारी दिशा शोधली आणि फरशीवर पिवळी टेप मारली. त्या दिशेला तोंड केलं, की समोर कपाटाचं दार येतं. मुलीला शाळेचा गणवेश काढायचा असेल, तर आधी कलाकाराला हलवावं लागतं.

पाचव्या 'का'ने त्याला इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी नेलं. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग ढिलं पडतं, हे खरंच. पण पिंपरी-चिंचवडला २०१९पासून नळाला पाणी दिवसाआड! दोन बादल्या ओतताना चेअरमननी धरला. "तुळस लावलीय का इथं?" संध्याकाळी लिफ्टपाशी नोटीस लागली, नाव नव्हतं, पण फ्लॅट नंबर होता.

तो वाजवतो काय, ते विचारू नका. चार सुरांची एक रिफ आहे. ती अजून ट्रायल लॉटमध्येच आहे.

भोसरीला सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणच्या दुरुस्त्याही बहुधा गुरुवारीच. त्या गुरुवारी वीज गेली. पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही, सगळं गप्प. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर. त्याने हेडफोन चढवला. घूं नाही! डोळ्यांत पाणीच आलं. तारेला हातसुद्धा न लावता त्याने पूर्ण तीन मिनिटं रेकॉर्ड केली आणि फाइल कंपनीच्या ग्रुपवर टाकली.

"भाऊ, आवाजच येत नाहीये," पहिला रिप्लाय आला.

"तेच तर!!" त्याने लिहिलं.