खापर, पण विजेचं

तुरिन, इटली
आखाजीला अजून दोन आठवडे

ती. आई, बाबा आणि आजी,


फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्येच “जेवलास का” विचारतेस. या वेळची सगळी हकीकतच जेवणाची आहे, म्हणजे ती पहिल्याच वाक्यात संपेल. शिवाय आजी म्हणते, फोनवरचं उडून जातं, कागदावरचं दुपारी परत वाचून घेता येतं. तेव्हा हे तिला मोठ्यानं वाचून दाखव. मी जिथे मूर्ख ठरतो तिथे आवाज चढवलास तरी चालेल. ती नाहीतरी तेवढंच परत वाचायला सांगणार.

तर आम्ही पिझ्झ्याची भट्टी घेतली. ओट्यावर ठेवायची, विजेवर चालणारी. इटलीत राहून घरी पिझ्झ्याची भट्टी घेणं म्हणजे जळगावात राहून पार्सलनं केळी मागवणं, हे बाबा म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. पण दर शुक्रवारी चौघांनी बाहेर पिझ्झा खायचा, तर सात-आठ महिन्यांत भट्टीचे पैसे वसूल होतात, असा हिशेब मी कागदावर मांडला होता. तुझ्या सुनेनं कागद पाहिलाच नाही. एवढंच विचारलं, “ठेवणार कुठे?” आता मिक्सर कपाटावर गेलाय, कुकर पलंगाखाली, आणि चटणी करायची झाली तर आधी शिडी आणावी लागते.

दिसायला भट्टी लालभडक, मोटारसायकलवरच्या हेल्मेटची चुलत बहीण. झाकण उघडलं की आत गोल दगड, ३१ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या भाकरीच्या तव्याहून थोडा मोठा. एक तार दगडाखाली, एक झाकणात. दोन्ही लाल होतात आणि मधला पिझ्झा खालून-वरून एकदम भाजतो. आमचं नेहमीचं ओव्हन २५० अंशांच्या पुढे जात नाही. तिथे पिझ्झा भाजायला दहा-बारा मिनिटं लागतात, तोवर पिठातलं पाणी उडतं आणि तळाचा खाकरा होतो. ही बया ४०० पर्यंत तापते आणि पाच मिनिटांत काम उरकते. मंद तव्यावर भाकरी टाकली की तिची काय दशा होते ते तुला माहीत आहे. तेच शास्त्र.

आता इथल्या विजेचं ऐक. इथे बहुतेक घरांना ३ किलोवॅटचीच जोडणी असते. त्याहून थोडं जास्त ओढलं तर मीटर कानाडोळा करतो, फार ओढलं तर सरळ बंद पडतो. पहिल्या शुक्रवारी भट्टीचे १२०० वॅट चालू होते. कपडे धुण्याचं यंत्र पाणी तापवत होतं, त्याचे २०००. आणि तुझी नात केस वाळवत होती, त्याचे आणखी २०००. बेरीज आजीसुद्धा करील. अंधार! आपल्याकडे वीज जाते तेव्हा सगळ्या गल्लीची जाते, त्यात एक आधार असतो. इथे फक्त आमचीच गेली. मीटर तळघरात, आम्ही चौथ्या मजल्यावर. मी कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी खाली उतरलो आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं हसून विचारलं, “उडाली?” अर्ध्या इमारतीशी माझी ओळख अशी मीटरपाशीच झालीय.

दुसऱ्या मजल्यावरच्या सिन्योराही तिथेच भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे. मूळच्या नेपल्सच्या. साठच्या दशकात दक्षिणेतली हजारो माणसं इथे फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात कामाला आली, त्यात त्यांचा नवरा होता. इतकी वर्षं झाली तरी तुरिनला त्या अजून “तुमचं गाव” म्हणतात. माझ्या हाताचं पीठ त्यांनी चिमटीत धरलं, चोळलं, आणि विचारलं, “यीस्ट किती?”

“एक वडी.” इथे ताज्या यीस्टची २५ ग्रॅमची वडी मिळते.

“किती पिठाला?”

“अर्धा किलो.”

त्यांनी छातीवर क्रूस काढला. एक किलो पिठाला शेंगदाण्याएवढं यीस्ट पुरतं म्हणे, आणि मग पीठ रात्रभर, जमलं तर दोन रात्री, फ्रिजमध्ये निवांत पडू द्यायचं. मला हे कळेपर्यंत उशीर झाला होता. वर येऊन पाहतो तो उरलेल्या पिठानं डब्याचं झाकण उडवून कोथिंबिरीच्या जुडीला कवेत घेतलं होतं.

त्या दिवसापासून मला या देशात एक आजी मिळाली. मागितली नव्हती. दर शुक्रवारी सात वाजता दार वाजतं. सिन्योरा खुर्ची ओढून भट्टीसमोर बसतात आणि माझ्या चुका मोजतात. लाटणं दिसलं तेव्हा त्यांनी ते उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलं. पीठ हातानंच पसरायचं, कडेची हवा मारायची नाही. लाटणं अजून परत आलेलं नाही. पोळ्या सध्या बाटलीनं लाटतोय.

मोझ्झरेल्लाचंही तेच. ताजं चीज पाण्यात बुडवलेलं मिळतं. मी तसंच कापून घातलं तर पिझ्झ्यावर तळं साचलं, मध्ये टोमॅटोचं बेट. सिन्योरा म्हणाल्या, चाळणीत निथळायला ठेव. मी म्हटलं, हे आम्हाला शिकवायला नको, आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखं फडक्यात बांधून नळाला टांगलं. रात्रभर थेंब थेंब. सकाळी त्यांनी ती पुरचुंडी बघितली आणि पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. माझ्या खात्यावरचा तो एकमेव गुण.

सगळ्यात मोठी फजिती मात्र सरकवण्याची. सजवलेला पिझ्झा लांब दांड्याच्या लाकडी फळकुटावर घ्यायचा, त्याला इथे पाला म्हणतात, आणि झटका देऊन दगडावर सोडायचा. झटका मी दिला. टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या भावकीतली ती पानं, सगळी मंडळी पुढे निघून गेली. पीठ फळकुटाला चिकटून मागेच राहिलं. वऱ्हाड गेलं आणि नवरदेव घरीच! ४०० अंशांच्या दगडावर टोमॅटो पडला की कसा आवाज येतो, ते फोडणीत पाणी पडल्यावर तू ऐकलंयसच. दगड साबण-पाण्यानं धुवायचा नसतो. तो पाणी पितो आणि पुढच्या वेळी तडकू शकतो. म्हणून तापवून डाग जाळायचा आणि राख झटकायची. आमच्या दगडावर आता इटलीच्या नकाशासारखा काळा डाग पडलाय, फक्त सिसिली जरा मोठी झालीय. फळकुटावर खाली बारीक पिवळा रवा भुरभुरला की पीठ घसरतं, हे सिन्योरांनी नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं? “मग तू शिकला नसतास.” आठवतं, मला चुलीचा चटका बसला तेव्हा आजी काय म्हणाली होती?

एका शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. अस्सल तुरिनचे. टोमॅटो, मोझ्झरेल्ला आणि ती पानं घातलेल्या पिझ्झ्याला मार्गेरिता म्हणतात, ते राणी मार्गेरिताच्या नावावरून. १८८९ साली ती नेपल्सला गेली, राफाएले एस्पोसितो नावाच्या माणसानं तिच्यासाठी पिझ्झे केले, तिला हा आवडला आणि त्याला तिचं नाव मिळालं, अशी कथा आहे. कथा खरी की नंतर रचलेली यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण राणीचा जन्म १८५१ साली तुरिनचा, हे पक्कं. तेवढ्या बळावर काका म्हणाले, “म्हणजे पिझ्झा आमच्याच मुलीचा.” सिन्योरा ताडकन म्हणाल्या, “जन्म तुम्ही दिलात, खायला आम्ही घातलं.” काकांनी मुकाट्यानं दुसरा तुकडा घेतला. नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांची कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. सिन्योरा ती बातमी स्वतःच्या नातवाला पदवी मिळाल्यासारखी सांगतात. तिथल्या लाकडाच्या भट्टीत ४८५ अंशांच्या आसपास ताप असतो आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. आमच्या भट्टीला त्या “खेळणं” म्हणतात, पण खुर्ची तिच्यासमोरून हलवत नाहीत.

मधल्या काळात मी भरीतही केलं. पोर्ता पालात्सोच्या बाजारातून जांभळी वांगी आणली, गोल, तुकतुकीत. आपल्या भरताच्या वांग्यांची सर नाही, पण बिया कमी. तुरीच्या काड्या इथे कुठून आणू? म्हटलं, भट्टीच. वांग्याला टोचे मारायचे विसरलो. दहाव्या मिनिटाला ‘ढप्प’ असा आवाज झाला, झाकण उडालं आणि धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. उरलेल्या वांग्याचं भरीत झालं. कांद्याची पात, ठेचलेली मिरची, शेंगदाणे, सगळं घातलं. सिन्योरांनी पावासोबत दोनदा घेऊन खाल्लं. तिसऱ्यांदा मिरची लागली तेव्हा नेपल्सच्या बोलीत जे बोलल्या, ते मुलांना कळलं नाही हे बरं झालं.

आता आजी, तुझ्या कामाचं.

सिन्योरांच्या मते भट्टीचा दगडच चुकीचा होता. नेपल्सजवळ सोरेंतोची म्हणून एक मातीची लादी मिळते. ती दगडासारखी भसकन उष्णता सोडत नाही, म्हणून ताप वाढवला तरी तळ करपत नाही. तिला इथे बिस्कोत्तो म्हणतात, म्हणजे बिस्किट. पार्सल आलं तेव्हा मुलांनी ते नाव वाचून झडप घालून फोडलं. आतून मातीची गोल लादी निघाली. धाकटा रडायला लागला. मी ती हातात घेतली, बोटानं वाजवली, आणि नाकात एकदम आपली मागची पडवी आली. आजी, हे मांडे भाजायचं खापर आहे! चपटं आहे, इतकंच.

मग मला कोण थांबवणार? पीठ सैलसर भिजवलं. इथलं डबल झिरो पीठ वस्त्रगाळच असतं, चाळायचं कामच नाही. हरभऱ्याची डाळ आणि गूळ बंगाली दुकानातून आणला. सिन्योरा नेहमीच्या खुर्चीवर होत्या. मी पुरणाचा उंडा हातावर घेतला, तू करायचीस तसा आधी बोटांवर, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत ओढत नेला, आणि तो फाटला. पुरण माझ्या चपलेवर. दुसरा मांडा फाटला नाही, पण इतका वाढला की ३१ सेंटिमीटरच्या खापरावर मावेना. कडा भट्टीच्या लाल काठावर लोंबायला लागल्या आणि तशा अवस्थेत मी झाकण लावलं. गूळ जळल्याचा वास पाचव्या मजल्यावर पोचला. तिसरा मांडा लहान केला, तो जमला. एका बाजूनं. डब्यातल्या आमरसात बुडवला की दुसरी बाजू कळत नव्हती. तुझी पणती म्हणाली, “गोड काल्झोने छान झालंय.” काल्झोने म्हणजे घडी घालून बंद केलेला पिझ्झा. चौकशी करू नकोस, कौतुकच होतं.

सिन्योरांना मी तुझा तो फोटो दाखवला, दोन्ही हातांवर मांडा ताणलेला, मागे चूल, कपाळावर पीठ. बराच वेळ त्यांनी फोन सोडला नाही. मग तुझ्या कोपरावर बोट ठेवून मला म्हणाल्या, “बघ. ही कोपरानं ओढते. तू बोटांनी ओढतोस.” आणि लगेच, “पाणी किती घालते?”

त्याचं उत्तर हवंय. आई, आजीला नीट विचार. वस्त्रगाळ पिठाला पाणी किती, तेल किती, मळायचं किती वेळ. तिनं ‘अंदाजानं’ म्हटलं तर तिला म्हणावं, नेपल्सची बाई ग्रॅममध्ये मागतेय. आणि खापर पाठवायचा विचार करू नका, विमानात फुटेल. सिन्योरांनी सोय केलीय. जिरेनियमच्या कुंडीखालची मातीची ताटली त्यांनी घासून दिली. पालथी घातली की खापरासारखा घुमट येतो, झाकण मात्र उघडं ठेवावं लागेल. सध्या ती गॅलरीत वाळतेय. ओली तापवली तर तडकेल, म्हणाल्या. आजीनं हे ऐकून मान डोलावली असेल, मला इथून दिसतंय.

आखाजीच्या सणाला त्यांना आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना जेवायला बोलावलंय. लाटणं परत मिळेल अशी आशा आहे, मांड्याला लागत नसलं तरी.

बाबांना सांग, भट्टीचे पैसे वसूल व्हायला आता अकरा महिने लागतील, कारण शुक्रवारी आम्ही चौघं नाही, सहाजण जेवतो. आणि

वीज गेली. नात केस वाळवत होती. शेवटच्या चार ओळी फोनच्या उजेडात लिहितोय. खाली मीटरपाशी जाऊन येतो.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा