स्पिटफायरची मावसबहीण

नोव्हेंबर उजाडला की कॉव्हेंट्रीहून माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, फोन येतो. माझी, बायकोची, उसाची चौकशी नंतर. पहिला प्रश्न ठरलेला : "झोपवली का रे?" शेजारी बसलेल्या माझ्या आईला दरवर्षी वाटतं, घरात कुणी तान्हं आहे आणि तिलाच तेवढं कळवलेलं नाही.

दादा झोपवतो ती ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, उघड्या टपाची, लालभडक. आणि मी इकडे कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळीत ज्या गाडीला झोपवावं अशी त्याची अपेक्षा असते, ती काकांकडून माझ्याकडे आलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. रंग मुळात कोणता होता याबद्दल घरात दोन मतं आहेत.

हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात. हसणाऱ्याला मी आधी बसवून घेतो आणि मग वंशावळ सांगतो. १९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड आली. तिचं रूप मिकेलॉटी नावाच्या इटालियन माणसानं रेखलं. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी तीच गाडी आपल्याकडे बनवू लागली. १९६२ साली त्याच मिकेलॉटीच्या हातची स्पिटफायर आली आणि तिची चासी म्हणजे हेराल्डचीच, जरा आखूड केलेली. म्हणजे दादा माझा मावसभाऊ, तशी माझी गाडी त्याच्या गाडीची मावसबहीण. हे मी गावात इतक्यांदा सांगितलंय की हायवेवरचा चहावाला आता मला तोंड उघडू देत नाही. नवं गिऱ्हाईक दिसलं की तोच सुरू करतो, "ह्यांच्या गाडीचं पावणं विलायतेत हाईत."

विलायतेतल्या पाहुणीचे हिवाळ्यात फार लाड असतात. तिकडे बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्र्याला लागलं की जुनी गाडी खालून पापडासारखी फुटते. म्हणून दादा तिला नोव्हेंबरात गॅरेजात घालतो ती मार्चपर्यंत. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. हँडब्रेक सोडून ठेवायचा, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. टायरात हवा जास्त भरायची, कारण महिनोन्महिने एकाच जागी उभं राहून टायर बुडाशी चपटे होतात (हे ऐकून मला आमच्या ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावरची मंडळी आठवली). बॅटरीला बारीक धारेचा चार्जर लावायचा. रेडिएटरात न गोठणारं औषध घालायचं, कारण पाणी गोठून फुगलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकतो. हे सगळं दादा मला दरवर्षी सांगतो आणि मी दरवर्षी "हो, हो" म्हणतो. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे मफलर आणि दहाला शर्टाची वरची दोन बटणं उघडी. ब्लॉक तडकायला तेवढं पुरत नाही.

आमचा कारभार सगळा उलटा. माझी गाडी झोपते जूनला. मिरग निघाला की ती निपाणीला काकांच्या जुन्या तंबाखूच्या वखारीत जाते. एके काळी तिथं तंबाखूचे बोद छतापर्यंत रचलेले असायचे. आता बोद गेले, पण वास भिंतीत मुरलाय. पुस्तकं म्हणतात की साठवलेल्या गाडीचा खरा शत्रू उंदीर. गादीत घर करतो, वायरी कुरतडतो. आमच्या वखारीत उंदीर शिरत नाही. एकदा एक शिरला होता, तो शिंकत बाहेर आला, असं वखारीचा राखणदार सांगतो. राखणदाराच्या तोंडात स्वतःच तंबाखू असल्यानं साक्ष कितपत धरावी हा प्रश्न आहे. मात्र गाडीला अजून तो वास आहे. हिवाळ्यात काचा लावून निपाणी ते कोगनोळी आलं की न खाताही चिमूट लागल्यासारखं होतं.

दसऱ्याला तिला उठवायची. तिकडे कोल्हापुरात शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, इकडे आमची निघते ढकलत. झेंडूचा हार बॉनेटवर, लिंबू चाकाखाली आणि मागे सहा पोरं. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेजारी आप्पाचीवाडीत हालसिद्धनाथाची यात्रा भरते आणि भाकणूक होते. पाऊस, पीकपाणी, राजकारण, सगळ्यावर नाथांची वाणी होते. आमचे आबा एका वर्षी रात्रभर थंडीत बसून ऐकून आले आणि सकाळी मला म्हणाले, "तुझ्या गाडीचं काय निघालं न्हाई बघ." मी म्हटलं, बरं झालं.

या गाडीची एक गोष्ट मात्र बघण्यासारखी. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला कलतं. सुसरीनं जबडा वासावा तसं. इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंग, सगळं उघडं पडतं. मिस्त्रीला चाकावर बूड टेकून निवांत काम करता येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा मिस्त्री आहे, तो म्हणतो, "मालक, ही गाडी ज्यानं केली त्यानं आधी मिस्त्रीचा विचार केला, मग मालकाचा." खरं कारण निराळंच होतं. ट्रायम्फला अख्खी बॉडी एका ठोक्यात दाबून देणारा कुणी मिळेना, म्हणून तिचे तुकडे करून चासीवर बोल्टांनी आवळले. पण मिस्त्रीचं मन मोडायचं कशाला? उद्यमनगरानं ऑइल इंजिनांवर हात बसवलेला. तिथं कुठल्याही मेलेल्या कंपनीचा पार्ट सांगा, माणूस आधी चहा सांगतो, मग पार्ट लेथवर चढवतो. दादा एका रबरी बुशासाठी तीन आठवडे टपालाची वाट बघतो. माझा बुश चहा संपेपर्यंत तयार. तो बसतो की नाही ही पुढची गोष्ट.

तर अशी ही हिवाळ्यात चालवायची. हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर मीठ नसतं, साखर असते, तीही अजून उसातच. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, स्पीकरवर गाणं एवढं मोठं की पाठीमागचा हॉर्न म्हणजे त्यातलाच एक ठेका. हेराल्ड इतकी बुटकी की तिच्यातून वर पाहिलं की ऊस म्हणजे चालता डोंगर वाटतो. मागून गेलं तर पाचट टपावर, शेजारून गेलं तर कांडं मांडीवर. ते आम्ही खातो. तवंदी घाट चढायचा तर ९४८ सीसीचं इंजिन ट्रॉलीच्या मागं पहिल्या गिअरात तापतं आणि डिसेंबरच्या गारव्यात आमचा रेडिएटर गुऱ्हाळाच्या काहिलीसारखा उकळतो. दादाला मी तो व्हिडिओ पाठवला. त्यानं लिहिलं, "अँटीफ्रीझ घातलं होतंस का?"

गेल्या डिसेंबरात मात्र हिवाळ्याची खरी परीक्षा झाली. आमच्याकडे हिवाळ्याचे दोन प्रकार आहेत : एक साधा आणि दुसरा अधिवेशनाचा. बेळगावात २०१२ साली सुवर्णसौध उभं राहिलं, तिथं कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरतं. ते सुरू होतं त्याच दिवशी, सीमाभाग महाराष्ट्रात हवा म्हणणाऱ्या एकीकरण समितीचा महामेळावा असला आणि महाराष्ट्रातले पुढारी यायचे असले की दूधगंगेच्या पुलाअलीकडे, आमच्या कोगनोळीच्या नाक्यावर, बॅरिकेड लागतात. कोरोनात याच नाक्यावर अहवाल दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. गावाला सवय झाली आहे. गाडीला नव्हती.

मी कोल्हापूरहून कार्ब्युरेटर साफ करून परतत होतो. पूल ओलांडला, तर समोर बॅरिकेड, पोलीस आणि कॅमेरेवाले. एवढ्या जुन्या गाडीतून येतोय म्हणजे कुणीतरी वेश पालटून आलेला पुढारी, असा एका कॅमेरेवाल्याचा समज झाला आणि तो माझ्या काचेशी धावला. मी मफलर सोडला. त्याची निराशा इतकी स्पष्ट दिसली की मलाच वाईट वाटलं.

हवालदार आला. "एल्लिगे, सर?"

"इथंच. कोगनोळी. ते काय घर."

"गाडी बंद करा."

"साहेब, बंद केली तर तुम्हालाच ढकलावी लागेल."

त्याला ती धमकी वाटली. बंद करावी लागली. कागद बघितले, डिकी बघितली, बॉनेट उघडा म्हणाला. मी जबडा वासला आणि नाका थांबला. बंदोबस्तावरचे, ट्रकवाले, अडकलेल्या जीपमधले महाराष्ट्राचे कार्यकर्ते, सगळे इंजिनाभोवती गोळा. हवालदाराच्या वडिलांकडे म्हणे हुबळीत अशीच होती. मग वंशावळ सांगणं आलंच. मिकेलॉटीपर्यंत पोचलो तोवर इंजिन गार पडलं होतं.

किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.

ढकलायला माणसांचा तोटा नव्हता, उताराचा होता. उतार होता तो मागं, नदीकडं. गाडीचं तोंड फिरवावं लागणार. एरवी तेवढ्या जागेत कुठलीच गाडी फिरत नाही, पण हेराल्ड २५ फुटांच्या गोलात वळते. लंडनच्या टॅक्सीशी तिची बरोबरी. दोन बॅरिकेडांच्या मधे तिनं अंगणात गिरकी घ्यावी तशी घेतली. कॅमेरेवाल्याला अखेर काहीतरी मिळालं. दोन पोलीस, चार कार्यकर्ते आणि एक ट्रकचा क्लीनर, सगळ्यांनी खांदा लावला. दुसरा गिअर, क्लच सोडला, एक धक्का, तंबाखूच्या वासाचा काळा ढग, आणि गाडी सुरू झाली ती थेट महाराष्ट्रात शिरली. थांबवायची हिंमत माझ्यात नव्हती. कागलजवळून वळून पुन्हा रांगेत लागलो, अर्धा तास, इंजिन चालू ठेवून, पायानं ॲक्सिलेटर कुरवाळत.

पुन्हा तोच बॅरिकेड, तोच हवालदार. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला, पुन्हा आलात का म्हणून. "मत्त बंद्री?"

"बंद न्हाई हो साहेब," मी घाईनं म्हटलं, "चालू हाय, चालू!"