व्याघ्रप्रमाणविचार

ताडोब्यात वाघ आहे, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की ते कळते कशावरून? भाट्ट मीमांसकांनी ज्ञानाची साधने सहा मानली आहेत. जिप्सीतही पर्यटक सहाच बसतात. हा योगायोग नसावा.

प्रत्यक्ष : ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५पासून आहे, व्याघ्रप्रकल्प १९९५पासून, आणि प्रस्तुत लेखक गेल्या तीन फेऱ्यांपासून. तिघांपैकी वाघ प्रत्यक्ष न घडलेला एकटा लेखकच. पुढे चलावे.

अनुमान : चितळ शेपूट उभारून, पुढचा पाय आपटून ओरडले की चालक इंजिन बंद करतो, गाइड हात वर करतो आणि मागच्या सीटवरचे चिवड्याचे पाकीट जागच्या जागी थिजते. परंतु ‘जेथे कॉल तेथे वाघ’ ही व्याप्ती धूर-अग्नीइतकी पक्की नाही. चितळ बिबट्यालाही ओरडते. ‘जेथे जिप्स्यांचा घोळका तेथे वाघ’ ही तर निखालस सव्यभिचारी. आम्ही आठ गाड्यांत अर्धा तास श्वास रोखून होतो. पहिली गाडी कुणाची तरी टोपी उडाली म्हणून थांबली होती. खाली उतरायला बंदी, म्हणून सगळे टोपीकडे बघत होते. बाकीच्या सात त्या गाडीकडे.

ठशाचे अनुमान त्याहून सूक्ष्म. पंजा चाकाच्या खुणेवर उमटला असेल, तर वाघ गाडीनंतर गेला. चाक पंजावरून गेले असेल, तर आधी. आम्हाला दोन्ही प्रकार मिळाले. त्यावरून वाघ आमच्या आगेमागे होता, एवढे सिद्ध होते.

उपमान : ‘गाईसारखा तो गवय’ हे शास्त्रातले ठरलेले उदाहरण. गवय म्हणजे गवा की नीलगाय, यावर पंडित भांडतात. ताडोब्यात दोन्ही आहेत. पण जिप्सीचे भाडे त्यासाठी कोणी भरत नाही.

शब्द : आप्तवाक्य. ‘आत्ताच गेला ना जी, पाणवठ्यावर बसून होता!’ हे वाक्य दर फेरीला, दर वळणावर मिळते. ‘आत्ताच’ म्हणजे किती, हे विचारू नये. श्रद्धा नसेल त्याने मोहर्ली गेटवरूनच परत फिरावे.

अर्थापत्ती : लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, त्या अर्थी रात्री जेवतो. तसेच, वाघ आहे आणि आम्हाला दिसत नाही, त्या अर्थी तो दुसऱ्या जिप्सीला दिसतो. गेटवर भेटलेल्या काकूंनी पुष्टी दिली : ‘अय्या, तुम्हाला नाही? आमच्या बॉनेटला घासून गेला!’

अनुपलब्धी : हे प्रमाण अभाव सिद्ध करते. मंगळवारी उद्यान बंद, त्या दिवशी पर्यटकांचा अभाव. वाघाचा अभाव मात्र याने सिद्ध होत नाही. झुडपात तीन हातांवर झोपलेला वाघही तितकाच अनुपलब्ध असतो.

एक सातवे प्रमाण मीमांसकांकडून राहिले : गंध. वाघ हद्द आखायला झाडावर जो फवारा मारतो, त्याला बासमतीचा वास येतो. सुवासिक तांदळातलेच एक रसायन त्यात असते. तिसऱ्या फेरीत एका वळणावर तो वास आम्हाला खरोखर आला. गाइडने मान डोलावली. वाघ अर्थातच आत्ताच गेला होता.

तेव्हापासून रविवारी शेजारी बिर्याणीचा भात शिजू लागला, की माझा हात आपोआप वर जातो. घरातले सगळे निमूट थांबतात. मुलगा पंखा बंद करतो.